अठ्ठावीस तीनदा

पाकोळीच्या वर्गशिक्षिकेचे पत्र आले आणि मी त्याला उत्तर दिले नाही. आज देईन, उद्या देईन असे करत पत्र टेबलाच्या खणात गेले, आणि खण उघडला की ते माझ्याकडे बघत असे.

पाकोळी म्हणजे माझ्या भाचीची मुलगी. वय दहा. हे नाव माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या आजीने ठेवले. ती पाखरे जमिनीवर टेकत नाहीत म्हणून. शाळा सुटली की आई दुकानातून परत येईपर्यंत ती माझ्याकडे असते. बाईंनी हीच गोष्ट धरून लिहिले होते:

‘आम्ही तिला फक्त वर्गात पाहतो. तुमच्याकडे ती काय करते, कशात रमते, कशाने बिथरते, ते चार ओळींत कळवाल का? तिला एडीएचडी आहे असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बुद्धी वयाच्या बरीच पुढे आहे, हेही त्यांनीच सांगितले आहे. पण शाळेत बहुतेकांना यातले पहिलेच वाक्य ऐकू येते. महिनाअखेर बैठक आहे. तिला एक वर्ष मागच्या वर्गात बसवावे असा विचार चालू आहे. मला ते पटत नाही, पण माझ्या एकटीच्या शब्दाला तिथे वजन नाही.’

पत्र टपालाने आले होते. त्याआधी बाईंनी दप्तरातून चिठ्ठी पाठवली होती म्हणे. पाकोळीच्या दप्तरात गेलेली वस्तू पुन्हा माणसांत येत नाही, हे बाईंना तेव्हा माहीत नसावे.

चार ओळी. मी जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी तपासल्या. छापखान्यात मुद्रितशोधक होतो. निवृत्त झालो तरी मालक अजून घरी कामे पाठवतात. चूक शोधणे मला येते, लिहिणे येत नाही. रात्री मी बाईंना उत्तर लिहायचो आणि सकाळी लाल पेन घेऊन बसायचो. ‘मला वाटते’ खोडायचो, कारण माझ्या वाटण्याला कोण विचारतो? ‘अतिशय हुशार’ खोडायचो, कारण ते नातेवाइकाने लिहिले आहे हे लगेच कळते. ‘चंचल’ खोडायचो, कारण तो शब्द तिच्या विरोधात वापरला जाईल. असे करत एकदा कागदावर वरचा नमस्कार आणि खालची सही एवढेच उरले, आणि सहीही जरा मोठीच वाटली.

खरे सांगायचे तर पाकोळीबद्दल काही ठामपणे म्हणायला मी घाबरत होतो. मुले मला कधी कळली नाहीत. पुस्तके कळतात, ती जागच्या जागी राहतात.

पहिल्या दिवसांत मी तिला खुर्चीवर बसवायचो. खुर्चीवर ती अशी बसायची की खुर्चीच दमून जावी. पाच गणितांचा गृहपाठ. पहिले गणित मनात झटकन सुटायचे, ते कागदावर उतरेपर्यंत ती खिडकीशी पोचलेली असायची. तिथून स्वयंपाकघरात, तिथून बाथरूममध्ये, आणि नळ तसाच वाहता ठेवून पुन्हा माझ्यापाशी. “आजोबा, पाल भिंतीवर चिकटते, मग तिला सुटता कसं येतं?” मी म्हणायचो, “आधी दुसरं गणित.” ती म्हणायची, “हो हो,” आणि खरेच बसायची. तिचा हेतू नेहमी चांगला असे. हेतूच्या पुढे पाय निघून जात.

मग मी माझा पुठ्ठा तिला दिला. आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे: जाड पुठ्ठ्याला मधोमध एक ओळ मावेल एवढी लांब खाच पाडायची आणि ती पानावरून सरकवत न्यायची. एकच ओळ दिसते, बाकीचे पान झाकलेले राहते, नजर पुढे पळत नाही. मी तो गणितांवर ठेवला. तिने खाचेतून एक गणित बघितले, सोडवले, उतरवले. पुठ्ठा खाली सरकवला.

“बाकीची कुठे गेली?”

“आहेत. त्यांची पाळी आली नाही अजून.”

तिला हे फारच आवडले. गृहपाठ झाल्यावर ती त्याच खाचेतून अर्धा तास घर बघत हिंडली.

मात्र मी खरा थक्क झालो तो त्यानंतर.

छापखान्यात पूर्वी आम्ही जोडीने काम करायचो. एकाने लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद असे सगळे उच्चारून; दुसऱ्याने छापलेल्या मुद्रितावर नजर ठेवायची. माझा जोडीदार वारला तेव्हापासून मी एकटाच दोन्ही करतो. एका दुपारी मी असाच पुटपुटत बसलो होतो.

“तुम्ही कुणाशी बोलताय?”

मी सांगितले.

“मी वाचू?”

“बसून वाचावं लागेल.”

“का?”

चाळीस वर्षे मी बसून वाचत होतो, कारण माझा जोडीदारही बसूनच वाचायचा. मी प्रत तिच्याकडे सरकवली.

ती चालत वाचू लागली. हातात मूळ प्रत, टेबलाभोवती फेऱ्या, आवाज खणखणीत. पुस्तक होते विहिरी खणण्याच्या शास्त्रावर. तिला त्यातले निम्मे शब्दही माहीत नसतील. पण ‘स्वल्पविराम’ म्हणताना ती किंचित थबकायची, ‘पूर्णविराम’ला टाच टेकवायची आणि ‘नवा परिच्छेद’ आला की गर्रकन उलटी फिरायची. मी वाट बघत होतो की आता कंटाळेल, आता नळाकडे जाईल. पान उलटले. आणखी एक उलटले. तिची आई दार वाजवत होती ते आम्हा दोघांनाही ऐकू आले नाही.

“मामा, ही खरंच वाचत होती?” भाचीने विचारले. “माझ्याकडे जेवताना दोन घास सलग खात नाही.”

“उद्या पण वाचायचंय,” पाकोळी म्हणाली. एका पायात बूट होता. दुसरा आम्ही तिघांनी मिळून शोधला.

त्यानंतर रोजनिशीचे काम आले. नव्या शालेय वर्षाची, जून ते मे अशी रोजनिशी, मागे परिशिष्टात वर्षभराच्या सूर्योदयाच्या वेळा. असली कोष्टके म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात रुक्ष भाग. आकड्यांत अर्थ नसतो, त्यामुळे चूक डोळ्यांना टोचत नाही. मूळ प्रतीशी जुळले की झाले. मी तिला म्हटले, हे नको, तुला कंटाळा येईल.

“वाचून तर बघू दे.”

तास कायम होता म्हणून ती फक्त मिनिटे वाचत होती. “सव्वीस, सव्वीस. सत्तावीस, सत्तावीस.” एका आकड्याला दोन पावले, मग पुढचा आकडा. माझी पेन्सिल मुद्रितावरून खाली सरकत होती. सगळे जुळत होते. “अठ्ठावीस, अठ्ठावीस. अठ्ठावीस.”

ती एक पाय उचलून उभी राहिली.

“काय झालं?”

“पाऊल चुकलं.”

“बरोबर आहे गं. इथेही अठ्ठावीसच आहे.”

“मग तुमचंही चुकलंय.” तिने पाय तसाच वर ठेवून कागद डोळ्यांजवळ नेला. “अठ्ठावीस तीनदा आलं आणि पुढे एकोणतीस एकटंच राहिलं. त्याचं एक याने घेतलंय.”

मी पुठ्ठा बाजूला ठेवला. खाचेतून एक ओळ दिसते, तीन ओळी नाही दिसत. पूर्ण रकाना बघितला तेव्हा मलाही दिसले, पण तिने दाखवल्यावर. मुद्रित मूळ प्रतीशी तंतोतंत जुळत होते आणि मूळ प्रतच चुकीची होती. मी समासात प्रश्नचिन्ह केले आणि छापखान्याच्या मालकांना फोन लावला.

मालक जरा वेळाने परत बोलले. “वेधशाळेच्या तक्त्यात एकोणतीसच आहे. आमच्याकडे टाईप करताना गेलं. तीन वर्षं तेच कोष्टक थोडं थोडं सुधारून वापरतोय आपण. तुमच्या हातूनच गेलंय दोनदा.”

“हो, माझ्याच.”

“मग आता कसं सापडलं? नवा चष्मा?”

“नवा जोडीदार,” मी म्हटले.

त्याच आठवड्यात शाळेत गणिताची परीक्षा झाली आणि पाकोळीला शून्य मिळाले. उत्तरपत्रिका कोरी होती; वर फक्त नाव, तेही सुंदर अक्षरात. भाची संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच आत आली आणि एक चुरगळलेला कागद माझ्यापुढे टाकला. प्रश्नपत्रिका. प्रत्येक प्रश्नाशेजारी, समासात, बारीक आकड्यांत उत्तर. मी एकेक तपासले. सगळी बरोबर.

“उत्तरं प्रश्नांच्या शेजारीच लिहिली,” पाकोळी म्हणाली. “लांब कशाला लिहायची?” मग तिने आईच्या चेहऱ्याकडे बघितले आणि हळूच म्हणाली, “दुसरा कागद पण होता, ते मी विसरले.”

“मी हा घेऊन गेले शाळेत,” भाची म्हणाली. “तर मुख्याध्यापक म्हणतात, घरी सोडवली नाहीत कशावरून? म्हणजे मी सोडवून दिली. मला एवढं येत असतं तर मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या काचा पुसत बसले असते का?” ती हसली, पण ते हसू पुरे झाले नाही. “मागच्या वर्गात टाकतील, मामा. जे तिला आधीच येतं ते पुन्हा वर्षभर ऐकत बसायचं. मग ही काय करेल? खिडकीतून बाहेर जाईल. तू बाईंना लिहिलंस का?”

“लिहितोय.”

“तू लिहायला बसतोस तेव्हा लोकांची लग्नं होऊन पोरं शाळेत जातात. शुक्रवारी बैठक आहे.”

पाकोळी टेबलाखाली जाऊन बसली होती. बसलेली मी तिला क्वचितच पाहिली होती. ती हलत नव्हती, आणि ते मला बघवले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच कोष्टक मागितले. आम्ही जानेवारीपर्यंत आलो होतो. सुरुवातीला तिची पावले नेहमीसारखी पडली, दोन आणि दोन. मग एक आकडा तीनदा आला आणि मी पेन्सिल उचलली.

“प्रश्नचिन्ह करू?”

“नको.” ती चालतच होती. “इथे तीनदा चालतं. आता ते दमत आलंय.”

“काय दमत आलंय?”

पुढचा आकडा चारदा आला. त्याच्या पुढचा आणखी जास्त. तिच्या फेऱ्या संथ झाल्या, आवाज उतरला, जणू कुणी झोपले आहे अशा बेताने ती आकडे म्हणू लागली. मग एकच आकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच, आणि माझ्या खोलीच्या मधोमध पाकोळी उभी राहिली. दोन्ही पाय जमिनीवर. हात, बोटे, डोळे, सगळे स्थिर.

“थांबलं,” ती म्हणाली.

मग तिने पुढची ओळ वाचली. एक मिनिट कमी. तिचा एक पाय मागे गेला.

“परत निघालं.” ती माझ्याकडे वळली. “आजोबा, हा सूर्य आहे ना? रोज उशिरा येत येत एवढा लांब गेला, मग थांबला, आणि परत निघाला. त्याला कुणी वळवलं?”

मी असली कोष्टके आयुष्यात किती वेळा तपासली असतील. त्यात मला आकडे दिसले, टाईपाचा तिरपेपणा दिसला, शाईचे ठिपके दिसले. त्यात सूर्य आहे हे मला कधी जाणवले नव्हते. मी उठून तिच्या शेजारी उभा राहिलो. खिडकीतून समोरच्या गच्चीच्या कठड्यावर उन्हाची शेवटची पट्टी दिसत होती आणि आम्ही दोघे तिच्याकडे बघत होतो. पृथ्वी कलती आहे वगैरे मी तिला जमेल तसे सांगितले. हातात लिंबू धरून टेबलावरच्या दिव्याभोवती फिरवले. तिने लिंबू माझ्याकडून घेतले आणि माझ्यापेक्षा बरोबर फिरवले.

त्या रात्री मी पत्र लिहून काढले. न अडता. सकाळी वाचले, खोडावे असे काही दिसले नाही. मला जरा अभिमानही वाटला. पण आमच्या धंद्याचा नियम आहे की दुसऱ्याने मोठ्याने वाचल्याशिवाय मजकूर बाहेर जात नाही, आणि मला जोडीदार एकच होता. ती शाळेतून आल्यावर मी कागद तिच्या हातात दिला.

ती निघाली. “आदरणीय बाई स्वल्पविराम सादर नमस्कार पूर्णविराम नवा परिच्छेद.” गर्रकन फिरली. “आपल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला स्वल्पविराम क्षमस्व पूर्णविराम. पाकोळी माझ्या घरी रोज दुपारी टेबलाशी शांत बसून”

एक पाय वर.

“पाऊल चुकलं,” ती म्हणाली.

“कुठे?”

“‘शांत बसून’. मी कुठे बसते?”

“ते असं आहे,” मी म्हटले, “बैठकीला मोठी माणसं असणार. त्यांना वाचून बरं वाटायला हवं. तुझ्याबद्दल चांगलं मत व्हावं म्हणून जरा…”

“पण मग ते मला बसवतील.”

ती हे रागाने म्हणाली नाही. चुकलेला आकडा दाखवावा तसे म्हणाली. कागद माझ्यापुढे ठेवला, त्या दोन शब्दांवर बोट ठेवले आणि समासाकडे बघत राहिली. मी तिथे प्रश्नचिन्ह करावे म्हणून थांबली होती.

मी केले. मग तो कागद बाजूला ठेवून नवा घेतला. ती टेबलाभोवती फिरत होती आणि मी लिहीत होतो, आणि या वेळी लाल पेन खणातच राहिले.

‘पाकोळी माझ्याकडे बसत नाही,’ मी लिहिले. ‘बसवली की तिचे वाचन थांबते. चालू दिली की ती तासभर सलग वाचते, विरामचिन्हांसकट, आणि छापखान्याच्या नजरेतून तीन वर्षे सुटलेली चूक तिने चालता चालता पकडली. मी तिथे होतो. मी काही तज्ज्ञ नाही. मला मुले कळत नाहीत. पण जे मी पाहिले ते पाहिले. वर्गात मागच्या भिंतीपाशी तिला चालायला थोडी जागा मिळाली तर बघा. प्रश्न एकेक करून दाखवले तर ती सगळे सोडवते. त्यासाठी आमच्या कामातला खाच पाडलेला पुठ्ठा सोबत पाठवत आहे. पेपर गोळा करण्याआधी कुणी तरी तिला “उत्तरं कुठे लिहिलीस?” एवढे विचारावे. ती नळ उघडा ठेवते, बूट हरवते, बोलणाऱ्याला मध्येच तोडते, तेही खरे आहे. मागच्या वर्गात बसवून यातले काही बरे होईल असे मला वाटत नाही. तिने काल मला सूर्य वळताना दाखवला. माझे वय बघता हे मला कुणी तरी आधीच दाखवायला हवे होते, पण ते तिच्याकडून व्हायचे होते असे मला वाटते.’

‘मला वाटते’वर हात क्षणभर थांबला. तसेच राहू दिले.

तिने सगळे वाचले, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. ‘बूट हरवते’ इथे ती थबकली.

“चुकलं?”

“नाही. बरोबर आहे.” आणि पुढे गेली.

पुठ्ठ्यामुळे पाकीट जाड झाले, तिकिटे जास्त लावावी लागली. दप्तरातून पाठवायचा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला नाही. टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी आहे. ती पुढे पळत जायची, पुन्हा माझ्यापाशी यायची, पुन्हा पुढे. मी एकदा गेलो तेवढ्यात ती तीनचारदा जाऊन आली असेल. वाटेत शेजारच्या शिंपिणीने विचारले, “काय काका, आज फिरायला?” मी म्हटले, “टपाल टाकायला.” एवढे बोलूनच मला धाप लागली.

पेटीच्या फटीत पाकीट अर्धे सरकवले आणि हात थांबला. दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम राहिला होता का? ‘तज्ज्ञ’ नीट लिहिले होते ना? कोण मी, शाळेला जागा ठेवायला सांगणारा? पाकीट मागे घ्यावे, घरी जाऊन एकदा, फक्त एकदा पुन्हा बघावे.

पाकोळी पेटीला कान लावून उभी होती.

“आजोबा, सोडा की. मला पडल्याचा आवाज ऐकायचाय.”

मी सोडले.

“पडलं,” ती म्हणाली.